ओढणारे हजार, मोगरीवाले चार

आमच्या भाच्याने एक ओळ लिहिली. एकच. ती तीनदा परत आली.

कवितेची ओळ असती तर मला काही वाटलं नसतं. बहिणाबाई आणि बालकवी यांच्या या जळगाव जिल्ह्यात दर तिसऱ्या घरात एक कवी आणि त्याच्या कपाटात 'साभार परत'ची पाकिटं असतातच. पण ही ओळ कवितेची नव्हती. ती होती लिनक्सच्या कर्नलसाठी.

"कर्नल?" आप्पांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "पोरगं मिलिटरीत कधी गेलं भो?"

आप्पा आमचे शेजारी. पिंप्राळ्यात जन्म गेला, त्यामुळे ज्याला तिथला विठ्ठलाचा रथ ठाऊक आहे त्याला जगात समजण्यासारखं फार काही उरत नाही, असं त्यांचं मत. त्यांना म्हटलं, आप्पा, हा कर्नल बंदुकीचा नाही. कॉम्प्युटरमधलं यंत्र आणि त्यावर चालणारे प्रोग्रॅम यांच्या मधे बसलेला हा कारभारी. कीबोर्डवर बोट पडलं, पडद्यावर अक्षर उमटलं, वायफायला सिग्नल मिळाला, की समजायचं कारभारी जागेवर आहे. विकत घ्यावा लागत नाही, कोणालाही उघडून वाचता येतो, आणि आपल्या सगळ्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तोच बसलेला आहे.

"फुकट आहे म्हणता, मग ओळ परत कशाला करतात? फुकटात मिळालेलं कोणी परत करतं का?"

खान्देशी माणसाचा हा प्रश्न वाजवी आहे. आजचं सदर त्याच प्रश्नावर.

* * *

घडलं ते असं. भाच्याने जुन्या लॅपटॉपसाठी नखाएवढा वायफाय डोंगल आणला. लॅपटॉपवर लिनक्स. डोंगल लावला, दिवासुद्धा लागला नाही. पोरगं चिवट, पिंप्राळा रेल्वे गेटवर तासन्‌तास ताटकळत लहानाचं मोठं झालेलं. शोधाशोध केल्यावर कळलं की डोंगलच्या आतली चिप कर्नलच्या ओळखीची आहे, तिला चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हरही, आत तयार आहे. फक्त या डोंगलचा क्रमांक यादीत नाही.

यूएसबीच्या प्रत्येक वस्तूला दोन क्रमांक असतात, एक बनवणाऱ्याचा आणि एक त्या वस्तूचा. ड्रायव्हरकडे अशा जोड्यांची यादी असते. यादीत जोडी सापडली तर "या, बसा". नाही सापडली तर मतदान केंद्रावर होतं तेच. माणूस समोर उभा, हातात आधार कार्ड, शेजारीपाजारी साक्षीला, पण यादीत नाव नाही, सबब मतदान नाही.

भाच्याने चालू कर्नलला तो क्रमांक तात्पुरता सांगून पाहिला. तशी सोय असते. दिवा लागला, नेट आलं. म्हणजे दुखणं एका ओळीचं होतं. ती ओळ यादीत घातली की जगातल्या ज्या कोणी हा डोंगल घेतला असेल त्या सगळ्यांचं काम होणार. त्याने ओळ लिहिली, ई-मेलने पाठवली आणि मला म्हणाला, "मामा, उद्यापर्यंत होईल."

पहिल्यांदा ती परत आली यंत्राकडूनच. ई-मेल रंगीत, सजवलेल्या मांडणीचं होतं. तिथे साधा मजकूर लागतो; जोडपत्र नको, ठळक अक्षर नको, खाली सही करताना गुलाबाचं फूल नको.

दुसऱ्यांदा माणसाचं उत्तर आलं, तीन शब्दांचं. पॅच लागत नाही. कारण? कर्नलमध्ये ओळीच्या सुरुवातीची जागा टॅबने सोडतात, आणि ती टॅब आठ अक्षरांची, असा लेखी दंडक आहे. भाच्याच्या ई-मेल प्रोग्रॅमने परस्पर टॅब काढून मोकळ्या जागा भरल्या होत्या. डोळ्यांना फरक दिसत नाही, यंत्राला दिसतो. वरणात मीठ आहे की नाही हे दिसत नाही, तसंच.

तिसऱ्यांदा ती परत आली सविस्तर. विषयात ड्रायव्हरचं नाव आधी लिहा. बदल काय केला ते आम्हाला दिसतंय, तो का केला ते लिहा. बाजारात या वस्तूला काय म्हणतात? तपासली कशी? यादी क्रमांकाच्या चढत्या क्रमाने आहे, तुम्ही आपली ओळ सगळ्यांच्या शेवटी टेकवली आहे, ती तिच्या जागी बसवा. आणि खाली तुमची सही राहिली आहे.

"एका ओळीला एवढं?" आप्पा म्हणाले. "आमच्या बिगरशेतीच्या फायलीला पण नाही बुवा एवढं."

आप्पा, इथेच तर गंमत आहे. तुमच्या फायलीत काय चुकलं हे तुम्हाला कोणी लेखी कळवलं होतं का?

* * *

आधी 'पॅच' या शब्दाचं बघू. आपल्याकडे पॅच म्हणजे खड्ड्यावर मारलेली डांबराची थाप. आषाढ लागण्याआधी पडते, श्रावणाआधी निघते. कोणी मारली, का मारली, जाडी किती, खाली खडी होती की नुसती माती, यातलं काहीही कोणाला ठाऊक नसतं. ठाऊक असते ती एकच गोष्ट: बिल निघालं.

कर्नलमधला पॅचही ठिगळच, पण त्यावर सही असते. 'हे मी लिहिलं आहे, किंवा हे देण्याचा मला हक्क आहे, आणि हे सगळ्यांसाठी खुलं राहणार हे मला मान्य आहे' अशा अर्थाची. ही प्रथा 2004 साली आली. त्याच्या आदल्या वर्षी एससीओ नावाच्या कंपनीने, आमचा माल लिनक्समध्ये घुसवला आहे, म्हणत आयबीएमवर दावा ठोकला होता. तेव्हा मंडळींनी ठरवलं, यापुढे प्रत्येक ठिगळ कोणाच्या हातून आलं हे कागदावर पाहिजे. निनावी पॅच चालत नाही. तुमच्यानंतर ज्याच्या ज्याच्या हातून तो पुढे जाईल, त्यानेही खाली आपली सही ठोकायची. तपासणाऱ्याचं नाव वेगळं, चालवून पाहणाऱ्याचं वेगळं.

आणि एवढ्यावर थांबत नाही. कर्नलच्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवून ही कोणाची, असं विचारता येतं. त्या आज्ञेचं नावच 'ब्लेम' आहे. दोष कोणाचा ते सांग! वीस वर्षांपूर्वीची ओळ असो, यंत्र तत्काळ नाव, तारीख आणि कारण काढून देतं.

आता कल्पना करा, वाचकहो. आपल्या गल्लीतल्या खड्ड्यावर मोबाइल धरला आणि उमटलं, 'हे ठिगळ अमुक अभियंत्याने मारलं, तमुकाने तपासलं, ढमुकाने त्यावरून स्कूटर चालवून पाहिली'. अर्धे खड्डे त्याच रात्री, टॉर्चच्या उजेडात, आपोआप बुजतील.

* * *

"पण शेवटी पास कोण करतं? तो फिनलंडचा?" आप्पांना नाव आठवत नव्हतं, देश आठवत होता.

तो म्हणजे लिनस टोरवाल्ड्स. 1991 साली हेलसिंकीत शिकत असताना त्याने हा उद्योग सुरू केला, तेव्हा 'हा माझा नुसता छंद आहे' असं स्वतःच सांगून टाकलं होतं. आज छंदाच्या ओळी चार कोटींच्या घरात गेल्या आहेत आणि त्यातल्या अर्ध्याहून जास्त ड्रायव्हरच्या, म्हणजे कोणाचा टचपॅड, कोणाचा डोंगल यांच्या. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते, आणि एकेका आवृत्तीत दहा हजारांहून जास्त पॅच आत जातात. एकट्या टोरवाल्ड्सने ते वाचायचे म्हटले तर त्याला जेवायला सुट्टी मिळायची नाही.

म्हणून उतरंड आहे. ड्रायव्हरचा एक सांभाळणारा, त्याच्या वर सगळ्या वायफायचा, त्याच्या वर अख्ख्या नेटवर्कचा, आणि मग टोरवाल्ड्स. तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत, कलेक्टर. कोणत्या फाईलचा तलाठी कोण, याची यादी कर्नलच्या आतच ठेवलेली असते. एक छोटा प्रोग्रॅम पॅच बघून सांगतो की बाबा रे, या या माणसांकडे पाठव. दुसरा प्रोग्रॅम पाठवण्याआधीच मांडणीतल्या चुका दाखवतो. वरच्याने खालच्याकडून घ्यायचं, ते विश्वासावर. आणि नव्या गोष्टी आत घेण्याचं दार दर फेरीत दोनच आठवडे उघडं असतं. पुढचे सात-आठ आठवडे फक्त दुरुस्त्या. रथ निघाला की नवीन तोरण बांधायचं नाही, सैल झालेला खिळा तेवढा ठोकायचा.

आपल्या उतरंडीत आणि या उतरंडीत फरक काय? आपली फाईल कोणत्या टेबलावर अडली आहे ते शिपायालाच ठाऊक, आणि त्याला बोलतं करायला चहा लागतो. कर्नलची फाईल कुठे अडली, कोणी अडवली, काय कारण दिलं, हे अख्ख्या जगाला दिसतं. परत करणाऱ्याला परत का केलं ते चारचौघांत लिहावं लागतं. नकार देण्याची सोय असलेली कार्यालयं आपल्याकडे पुष्कळ. नकाराचं कारण लिहून खाली स्वतःचं नाव घालणारी किती, ते बोटांवर मोजा. बोटं उरतील.

* * *

आता रथाकडे येतो, नाहीतर आप्पा उठून जातील.

आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो. ज्यांना पंढरी गाठता येत नाही त्यांची पंढरी इथेच. ज्याने पाहिला नाही त्याला वाटतं की रथ ओढणं हेच काय ते काम. दोराला हजार हात लागतात, विठ्ठलनामाचा गजर होतो, फोटो दोर धरलेल्या पुढाऱ्यांचे छापून येतात. पण एवढ्या लाकडी डोलाऱ्याला स्टिअरिंग नसतं आणि ब्रेकही नसतो. त्याची दिशा आणि त्याचं थांबणं असतं चाकाजवळ वाकून चालणाऱ्या चार माणसांच्या हातात. त्यांच्याकडे असते मोगरी. लाकडाचं एक पाचरीसारखं धूड. चाकाखाली ती नेमक्या क्षणी, नेमक्या कोनात सरकवली की रथ वळतो. उशीर झाला तर रथ कोणाच्या तरी ओट्यावर जातो. घाई झाली तर मोगरी लावणाऱ्याचा हातच चाकाखाली.

हजार लोक 'पुढे, पुढे' ओरडत असताना 'थांब' म्हणणारे ते चार. त्यांचा फोटो कोणी काढत नाही.

कर्नलचे सांभाळणारे म्हणजे हे मोगरीवाले. ओढायला सगळं जग आहे. चिप बनवणाऱ्या कंपन्या, त्यांचे पगारी अभियंते, हौशी पोरं. प्रत्येकाला आपला माल आजच आत हवा. पण पॅच घेणाऱ्याने 'हो' म्हटलं की पाठवणारा मोकळा होतो. त्याची नोकरी बदलते, कंपनी ती चिप बनवायची बंद करते, पोराचं लग्न होतं. मागे राहतो तो कोड आणि तो सांभाळणारा. दहा वर्षांनी आतली रचना बदलली की त्या अनाथ ड्रायव्हरलाही यानेच नवे कपडे शिवायचे. लग्नाला सगळे येतात. संसार ज्याचा त्याला. म्हणून तो आधी खोदून खोदून विचारतो, तेवढं विचारण्याचा त्याला हक्क आहे.

* * *

"छोट्या माणसालाच अडवत असतील. मोठ्याला कोण अडवतं?"

आप्पांचा अनुभव दांडगा, पण इथे तो चुकतो. एएमडी ही ग्राफिक्स चिप बनवणारी बलाढ्य कंपनी. 2016 साली तिने पडद्याच्या ड्रायव्हरसाठी जवळजवळ एक लाख ओळींचा भारा आणला. चालणारा कोड, पगारी माणसं, पुढच्या वर्षी बाजारात यायच्या चिपा. कंपनीने स्वतःच्या सोयीसाठी मधे एक थर घातला होता, म्हणजे तोच कोड विंडोजलाही वापरता यावा. ग्राफिक्स विभागाचा मोगरीवाला डेव्ह एअरली याने डिसेंबरमध्ये चाकाखाली मोगरी सरकवली. तुमच्या सोयीचा थर आमच्या घरात नको. कंपनी रागावली, पण कामाला लागली. थर सोलले, रचना बदलली, आणि तो ड्रायव्हर कर्नलच्या 4.15 आवृत्तीत आत आला, जानेवारी 2018 मध्ये. एक लाख ओळींना नाही म्हणणारा माणूस त्या कंपनीचा नोकर नव्हता, हे महत्त्वाचं. आणि आज त्या चिपा लिनक्सवर सुरळीत चालतात, हे त्याहून महत्त्वाचं.

मायक्रोसॉफ्टने 2009 साली वीस हजार ओळींचे ड्रायव्हर दिले, तेव्हा जगाने टाळ्या वाजवल्या. मोगरीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. माल ओसरीवर ठेवून घेतला, अशा मालासाठी कर्नलमध्ये एक वेगळी जागाच आहे. आणि कंपनी पुढे लक्ष देईना म्हटल्यावर, 'सुधारणार नसाल तर ओसरीवरूनही काढू' असं बजावलं. मग सुधारणा आल्या.

आणि 2021 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी मुद्दाम सदोष पॅच पाठवून, पकडतात का बघू, असा प्रयोग केल्याचं उघड झालं. शिक्षा काय? अख्ख्या विद्यापीठाकडून येणारं घेणं बंद, आणि त्या पत्त्यावरून पूर्वी आलेले पॅच पुन्हा उकरून तपासायला घेतले. गावच्या पंगतीत एकाने वरणात खडा टाकला म्हणून त्याच्या वाड्याचं अख्खं पातेलं परत. कडक आहे, पण विश्वासावर चालणाऱ्या उतरंडीत दुसरं हत्यारही नाही.

* * *

"हे सगळं तिकडचं झालं. इकडचं काय?"

इकडचं दुखरं आहे. आठवतो का 'आकाश' टॅब्लेट? जगातला सगळ्यात स्वस्त म्हणून ज्याचा डंका वाजला तो. पहिला आला ऑक्टोबर 2011 मध्ये. सुधारलेला 'आकाश-2' राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते 11 नोव्हेंबर 2012 रोजी झळकला, आणि त्याची सूत्रं होती पवईच्या आयआयटी मुंबईकडे. सरकारला पडला 2263 रुपयांना, विद्यार्थ्याला मिळायचा 1130 ला. आत ऑलविनर या चिनी कंपनीची ए-13 ही चिप. मास्तर मंडळी हुशार होती, त्यांनी त्यावर अँड्रॉइडशिवाय पूर्ण जीएनयू/लिनक्सही चालवून दाखवलं. हेतू चांगला, कष्ट खरे.

मग दुखलं कुठे? कर्नलपाशी. त्या चिपसोबत तेव्हा मिळायचा तो कंपनीने बाजूला नेऊन आपल्या सोयीने ठोकाठोक केलेला 3.0 घराण्यातला कर्नल. मूळ झाडापासून तोडलेली फांदी. घरात आणून फुलदाणीत ठेवली, चार दिवस हिरवी दिसली.

मूळ 3.0 ची देखभाल ऑक्टोबर 2013 मध्ये संपली. म्हणजे राष्ट्रपतींनी फीत कापली त्याला वर्षही झालं नव्हतं आणि टॅब्लेटच्या कर्नलचं माहेर बंद. त्यानंतर सापडलेली सुरक्षेची भोकं बुजवायला मुळाकडून ठिगळ येणार नाही.

ए-13 ला मुख्य झाडात जागा मिळाली ती 3.8 मध्ये, फेब्रुवारी 2013 ला. आणि ती मिळवून दिली ऑलविनरने नाही, तर मॅक्सिम रिपार नावाच्या एका फ्रेंच अभियंत्याने. तीसुद्धा कशी, तर चिप जागी होते आणि केबलवरून दोन शब्द बोलते, इतपत. गंमत म्हणजे ज्या 386 चिपवर टोरवाल्ड्सने हा खेळ मांडला होता, तिला याच 3.8 मध्ये निरोप दिला गेला. एक म्हातारी गेली, एक तान्हं आलं. तान्ह्याला रांगायला, बोलायला वेळ लागणारच. पडद्यावर चित्र काढणारा रीतसर ड्रायव्हर आत आला 4.7 मध्ये, 2016 साली.

हिशेब करा. 2012 ला आकाश हातात घेऊन इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला बसलेला पोरगा 2016 ला पदवी घेऊन बाहेर पडला, तेव्हा त्याच्या टॅब्लेटच्या पडद्याला मुख्य कर्नलने ओळखलं. तोवर टॅब्लेटची बॅटरी फुगून कपाटात गेली होती.

* * *

एवढा वेळ का लागतो? कारण आत शिरायचं तर सातबारा लागतो.

मोबाइल-टॅब्लेटच्या चिपा स्वतःहून आपली ओळख सांगत नाहीत. यूएसबीचा डोंगल निदान क्रमांक तरी सांगतो, या मुक्या. पूर्वी प्रत्येक पाटीसाठी, म्हणजे सर्किट बोर्डासाठी, प्रत्येक कंपनी कर्नलमध्ये वेगळी फाईल ठोकून द्यायची. शंभर गल्ल्या, शंभर रथ. 2011 च्या मार्चमध्ये टोरवाल्ड्सचा बांध फुटला आणि त्याने जे शब्द वापरले ते मी कौटुंबिक सदरात छापू शकत नाही. त्यानंतर शिस्त आली: प्रत्येक पाटीचा एक तक्ता द्या, त्याला 'डिव्हाइस ट्री' म्हणतात. मी त्याला सातबारा म्हणतो. कोणत्या पत्त्यावर कोणती वस्तू बसली आहे, तिला वीज कोणाकडून, घड्याळाचा ठेका कोणाकडून, आणि काम झालं की हाक कोणाला मारायची. गट नंबर, क्षेत्र, विहिरीतला हिस्सा, सगळं आलं.

आणि सातबाऱ्यासारखंच, एकदा नोंद लागली की सहजासहजी पुसता येत नाही. जुन्या तक्त्यावर नवा कर्नल चाललाच पाहिजे. म्हणून नोंद घेताना कीस पडतो. या वस्तूचं नाव असंच का? हा हिस्सा खरंच चिपचा, की तुमच्या ड्रायव्हरची सोय? ऑलविनरने याऐवजी 'फेक्स' नावाचा स्वतःचा निराळाच तक्ता काढला होता. आपल्या घरी छापलेला सातबारा घेऊन बँकेत गेलं तर काय होतं, ते कोणत्याही शेतकऱ्याला विचारा.

* * *

आता मोगरीवाल्यांचीही आरती ओवाळून झाली असं समजू नका. त्यांच्यात उद्धट आहेत. खुद्द टोरवाल्ड्सच्या शिव्या जगप्रसिद्ध होत्या. 2018 च्या सप्टेंबरमध्ये त्याने जाहीर माफी मागितली, सुट्टी घेतली आणि माणसांशी कसं बोलावं हे शिकून येतो म्हणाला. पन्नाशीला टेकलेल्या पुरुषाने असं म्हणणं हे आपल्याकडे कर्नलहून मोठं आश्चर्य. काही पॅच महिनोन्‌महिने उत्तराविना पडून राहतात, कारण सांभाळणारा एकटा आणि ढीग मोठा. पगार बहुतेकांना मिळतो तो कंपन्यांकडून, आणि तपासण्याच्या कामाला पैसे द्यायला कंपन्यांचा हात सैल सुटत नाही. दोर ओढायला माणसं मिळतात हो. वाकून चालायला नाही मिळत.

भाच्याचं काय झालं? चौथ्यांदा ओळ गेली ती टॅबसकट, सहीसकट, आपल्या क्रमाच्या जागी. आठवडाभराने दोन शब्द आले, लावला आहे. नुसत्या ओळख क्रमांकाच्या पॅचला एक सवलत असते. तो चालू दुरुस्त्यांमध्येही घेतात, आणि जुन्या स्थिर आवृत्त्यांतही पोहोचवतात. म्हणजे पोराची ओळ त्याच्या डोंगलपेक्षा जास्त जगणार.

आप्पांनी भाच्याकडे चौकशी केली.

"पैसे किती?"

"नाही मिळत, आप्पा."

"सर्टिफिकेट?"

"नाही."

"हारतुरे, सत्कार?"

"नाही."

"मग?"

"नाव राहतं. आणि उद्या ती ओळ बिघडली तर मलाच विचारतील."

आप्पा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मोगरीवाल्याच्या घरचं पोरगं शोभतंस."

आमच्यात मोगरी कोणी लावलेली नाही. पण मी दुरुस्ती केली नाही.

जाता जाता शाळांच्या मुख्याध्यापकांना, ग्रामपंचायतींना, आणि टॅब्लेट, बायोमेट्रिक यंत्रं, डिजिटल फळे यांच्या निविदा काढणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. पडदा किती इंची, रॅम किती, बॅग फुकट मिळेल का, हे जरूर विचारा. त्याखाली एक ओळ वाढवा: 'आतल्या चिपला मुख्य कर्नलमध्ये आधार आहे का, आणि कोणत्या आवृत्तीपासून?' विक्रेता आवृत्तीचा आकडा सांगेल तर पुढे बोला. तो हसून 'साहेब, चालतंय ना!' म्हणाला, तर तिथेच मोगरी लावा.